हद्द राखणारे समुद्री मासे एकत्र ठेवणे

विदूषक मासा, डॅमसेल इत्यादी शोभिवंत मासे प्रवाळखडकांत आपापली जागा धरून राहतात व परक्यास हुसकावतात. समुद्रात हरलेला मासा पळून जातो. काचेच्या टाकीत त्यास वाट नसते. तो उपाशी राहून दगावतो. यास्तव पुढील दक्षता घ्यावी. प्रथम भित्रे मासे सोडावेत, भांडखोर शेवटी. कपारी माशांच्या संख्येहून अधिक असाव्यात. विदूषक माशांची एकच जोडी ठेवावी; तीतील मोठी ती मादी असते. नवा मासा सोडताना दगडांची मांडणी बदलावी. बांध मोडले म्हणजे जुने मासेही नव्यासारखेच होतात. नव्यास आरंभी काही दिवस भोके असलेल्या पारदर्शक पडद्याआड ठेवावे. पंख फाटलेला मासा कोपऱ्यात दडलेला दिसताच त्याच दिवशी वेगळा करावा.