तोंडातली भिंत आणि तिच्यावरचा पहारा

रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक मावशी माझ्याजवळ येऊन बसल्या. "ताई, तिखट खाल्लं की गाल आतून झोंबतो. मिश्री लावली की जरा बरं वाटतं." मी मोबाइलची बॅटरी लावून बघितलं. डाव्या गालाच्या आत बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा होता. कधीपासून? "दसऱ्याला दीक्षाभूमीला गेले होते, तेव्हापासून असेल." हे बोलणं झालं जानेवारीत. तीन महिने मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावणं चालू होतं.

मावशींना मी रागावले नाही. नर्सिंगचा डिप्लोमा करत होते तेव्हा सुट्टीत घरी आले की आईसाठी तव्यावर मिश्री मीच भाजून द्यायचे. पुस्तकात वाचलेलं आणि चुलीपुढे केलेलं यांचा मेळ मला तेव्हा घालता आला नाही. आज तो घालू या.

भिंत कशाची आहे?

आपली कातडी आणि तोंडाचं आतलं अस्तर म्हणजे पेशींचे थरावर थर, विटांच्या भिंतीसारखे. प्रत्येक विटेच्या आत केराटिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. नख आणि केस ज्याचे बनतात, तेच हे कुटुंब. या धाग्यांमुळे पेशी ताण सोसते, फाटत नाही. कातडीवरचं केराटिन कडक असतं, गालाच्या आतलं मऊ. शिवाय अस्तराच्या पेशी जंतू मारणारी छोटी प्रथिनंही तयार करतात. म्हणजे रोगप्रतिकाराची सुरुवात रक्तात नाही, या भिंतीपाशीच होते.

भिंत रोज नवी होत असते. तळाच्या थरात नवी पेशी जन्मते, वर सरकते, झडून जाते. कातडीला यासाठी साधारण महिना लागतो, तोंडाच्या अस्तराला साधारण दोन आठवडे. म्हणून दात लागून झालेली साधी जखम आठ-पंधरा दिवसांत भरते. जी भरत नाही, तिथे काहीतरी बिघडलं आहे असं समजायचं. "दोन आठवड्यांपेक्षा जुनं असेल तर दाखवा" असं आम्ही सांगतो, त्यामागचं कारण हे आहे.

खारघरमध्ये काय शोधलं गेलं?

उरणहून लोकलने बेलापूर, आणि तिथून पनवेलच्या गाडीने पुढचंच स्टेशन खारघर. तिथे टाटा मेमोरियल सेंटरची अ‍ॅक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था आहे. आपल्या दाराशी असलेल्या या संस्थेत आपल्याच तोंडाच्या रोगावर वर्षानुवर्षं काम झालं आहे.

डॉ. मिलिंद वैद्य यांनी तोंडाच्या केराटिनचा अभ्यास केला. निरोगी गालाच्या अस्तरात केराटिन 8 आणि 18 हे धागे सहसा नसतात. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींत मात्र ते दिसतात. जणू भिंतीत भलत्याच कामाच्या विटा आल्या. 2011 मध्ये त्यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींतून हे धागे कमी करून पाहिले, तेव्हा त्या पेशींची गाठ करण्याची ताकद घटली. म्हणजे हे धागे नुसती खूण नसून रोगाला हातभार लावतात.

दुसरं काम डॉ. शुभदा चिपळूणकर यांचं. पुढे त्या या संस्थेच्या संचालक झाल्या. आपल्या रक्तात गॅमा-डेल्टा टी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. संख्येने थोड्या, पण पहाऱ्यात तरबेज. पेशी संकटात सापडली की एचएसपी 60 नावाचं प्रथिन तिच्या अंगावर दिसू लागतं. एरवी ते आत असतं. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवरचं हे प्रथिन गॅमा-डेल्टा पेशी ओळखतात, असं त्यांच्या गटाने 1999 मध्ये दाखवलं. घरात चोर शिरला की खिडकीत लाल फडकं दिसावं आणि पहारेकऱ्याने ते ओळखावं, तसं हे.

मग कर्करोग होतोच कसा? कारण आपण रोज, दिवसातून कितीतरी वेळा, त्याच जागी मारा करत असतो. मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा, मावा यांतली रसायनं तळाच्या थरातल्या पेशींच्या मूळ रचनेलाच इजा करतात. अशा बिघडलेल्या पेशी वाढत गेल्या की पहारा अपुरा पडतो. सुपारी एकटीसुद्धा निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये सुपारीलाच कर्करोगकारक ठरवलं. सुपारीने गालाचं आतलं अस्तर ताठ होतं, तोंड उघडेनासं होतं. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण कंटेनर यार्डाबाहेरच्या टपरीवर काय मिळतं ते आपल्या पोरांना विचारा.

एक सावधगिरी. हे संशोधन प्रयोगशाळेतलं आहे. यातून "इम्युनिटी वाढवणारी" पावडर निघालेली नाही. कोणी विकायला आलं तर पैसे जपून ठेवा. पहाऱ्याला मदत करायची तर मारा थांबवायचा, एवढंच.

बॅटरी आणि आरसा

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं उजेडात तपासली. 2005 मध्ये निष्कर्ष आला : तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले. मोठं यंत्र नव्हतं. डोळे होते आणि वेळेवर दाखवणं होतं.

महिन्यातून एकदा घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने चूळ भरून आरशापुढे उभं राहावं. ओठ उलटून, दोन्ही गालांच्या आत, हिरड्या, टाळू, जीभ वर करून तिच्याखाली आणि दोन्ही कडांना बघावं. मग आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते पाहावं.

पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, गाठ, जिभेची हालचाल अडणं, तीन बोटं न जाणं, यातलं काहीही दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. उपचाराच्या खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर आहे.

पाचवं शील आपण दर रविवारी म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे फक्त दारू येते. कमरेच्या डबीचाही विचार करू या.

मावशींना मी दुसऱ्याच दिवशी घेऊन गेले. चट्ट्याचा तुकडा तपासला. कर्करोग नव्हता, पण पेशी बदलू लागल्या होत्या. डबी त्यांनी सुनेच्या हाती दिली. पहिले पंधरा दिवस फार चिडचिड झाली, डोकं दुखलं, दोनदा परत मागितली. सुनेने दिली नाही. आता दर तीन महिन्यांनी त्या तपासणीला जातात आणि जाताना शेजारणीलाही सोबत नेतात.