कांती रंगवताना: अनुभवाचे आठ धडे

पुस्तकांची मुखपृष्ठं आणि दिवाळी अंकांतली चित्रं टॅब्लेटवर काढणं हा माझा व्यवसाय. कपडे, दागिने, झाडं, वाडे सरावानं हाताला बसतात. खरी परीक्षा घेतात ते चेहरा, गळा, उघडा दंड. माणसाची त्वचा आपण जन्मापासून बघत असतो, म्हणून चित्रकलेचा गंध नसलेल्यालाही तिच्यातली खोट चटकन दिसते. 'बाहुलीसारखी वाटतेय' एवढंच तो म्हणतो. असं का वाटतं, हे शोधायचं काम चित्रकाराचं. ते शोधताना जे हाती लागलं, ते नव्यानं शिकणाऱ्यांसाठी क्रमानं मांडते.

१. आधी राखाडी, मग रंग

कांतीचा निम्मा प्रश्न रंगाचा नसतोच, तो उजेड-सावलीचा असतो. कपाळाचा समोरचा भाग, त्याच्या दोन बाजू, डोळ्यांच्या खोबणी, गालाच्या हाडाचा उतार, हनुवटीचा खालचा भाग हे सगळे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात, आणि प्रत्येकावर वेगळा उजेड पडतो. हे पैलू मी आधी राखाडी छटांमध्ये पक्के करते. रंग भरताना सर्वांत वर काळ्यानं भरलेला एक लेयर ठेवते आणि त्याचा ब्लेंडिंग मोड 'कलर' करते. तो लेयर चालू केला की चित्र कृष्णधवल दिसतं. त्यात डोकं गोलाईनं उठून आलं नाही, तर कितीही सुंदर तपकिरी लावा, चेहरा सपाटच राहतो.

२. सगळ्या अंगाला एक रंग नसतो

क्रेयोला कंपनीच्या खडूंमध्ये 'फ्लेश' नावाचा एक फिकट खडू होता. १९६२ साली त्याचं नाव बदलून 'पीच' केलं गेलं. नाव गेलं, पण एका रंगात अंग भरून टाकायची सवय अजून गेलेली नाही. रंगचक्रावर पाहिलं तर गोऱ्यापासून काळ्यापर्यंत बहुतेक माणसांच्या त्वचेचे रंग नारिंगीच्या आसपास, साधारण १५ ते ३० अंशांच्या पट्ट्यात येतात. मोठा फरक असतो तो उजळपणात आणि रंगाच्या तीव्रतेत.

पण एकाच माणसाच्या अंगावरही रंग सरकत असतो. नाक, गाल आणि कानांच्या पाळ्या यांत रक्त पृष्ठभागाजवळ असतं, त्यामुळे तिथे लालसर झाक येते. दाढी केलेल्या पुरुषाच्या जबड्यावर निळसर-राखाडी छटा असते. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या चेहऱ्यांवर डोळ्यांखाली जांभळट-तपकिरी आणि ओठांभोवती गडद छटा असते. बोटांचे सांधे, कोपरं, गुडघे बाकी अंगापेक्षा काळपट. तळहात मात्र फिकट आणि गुलाबी. हे पट्टे मी आधी मोठ्या ब्रशनं, ओबडधोबड टाकून घेते. ते बरोबर असतील तर तपशील कमी असूनही चेहरा जिवंत वाटतो.

३. उजेड त्वचेच्या आत शिरतो

सगळ्यांत जास्त मी ज्या धड्यातून शिकले, तो हा. दगडी पाट्यावर पडलेला उजेड बहुतांशी पृष्ठभागावरूनच परत फिरतो. त्वचेत तो आत शिरतो, थरांमध्ये भटकतो आणि थोडा बाजूला सरकून बाहेर येतो. वरच्या थरातलं मेलॅनिन त्यातला काही भाग शोषून घेतं, खालच्या थरातल्या रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा-निळा उजेड गिळतं. लाल उजेड सर्वांत खोल जातो आणि सर्वांत लांब सरकून बाहेर पडतो. म्हणून जिथे उजेड संपून सावली सुरू होते, त्या काठावर लालसर, गडद पट्टा दिसतो. थेट उजेड तिथे पोचत नाही, पण आतून झिरपलेला लाल पोचतो.

अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च बोटांमागे धरा, कडा लाल पेटलेल्या दिसतील. संगणकीय चित्रणात हा परिणाम आणण्याची सोयीची पद्धत हेन्रिक वान येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडली आणि तेव्हापासून सिनेमातल्या आभासी माणसांची कातडी मेणचट-निर्जीव वाटायची कमी झाली. आपल्या चित्रकारांनी मात्र ते निव्वळ डोळ्यांनी टिपलं होतं. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आठवा. हातात समई घेतलेली ती स्त्री, ज्योतीवर धरलेला तिचा दुसरा हात आणि बोटांतून गळणारा तांबूस प्रकाश. त्या चित्रासाठी त्यांची कन्या गीता उभी राहिली होती. हे जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेकजण ते रविवर्म्याचं समजतात.

प्रत्यक्ष रंगवताना मी सावलीच्या काठावर एक अरुंद, लाल-नारिंगी पट्टा टाकते. त्याची रुंदी सगळीकडे सारखी ठेवून चालत नाही. नाकपुडी, कानाची पाळी, बोटं असे लहान-पातळ अवयव असतील तर तो ठळक. कपाळासारखा रुंद, हाडावर ताणलेला भाग असेल तर जेमतेम. गडद त्वचेत मेलॅनिन जास्त, त्यामुळे हा पट्टा भडक लाल न दिसता खोल तांबूस, जवळजवळ मरून रंगाचा होतो.

४. चकाकी वरवरची असते आणि ती उजेडाचा रंग घेते

आत शिरणाऱ्या उजेडाशिवाय थोडा उजेड त्वचेच्या तेलकट पृष्ठभागावरूनच उसळतो. समोरून पाहिलं तर तो जेमतेम तीन टक्के असतो. तिरक्या कोनात वाढत जातो. त्याला त्वचेचा रंग लागत नाही, उजेडाचाच रंग राहतो. म्हणून भर दुपारी उघड्यावर उभ्या असलेल्या सावळ्या माणसाच्या खांद्यांवर, कपाळाच्या वरच्या उतारावर आकाशाची निळसर झाक दिसते. बल्बखाली तीच चकाकी पिवळी होते. सगळीकडे पांढरा हायलाइट ठेवला की प्लास्टिक तयार होतं.

गडद त्वचा जास्त चमकते असं वाटतं, त्याचं कारणही इथेच आहे. उसळणारा उजेड गोऱ्याइतकाच असतो, पण भोवतालचा रंग गडद असल्यामुळे तो उठून दिसतो. या एका गोष्टीनं माझी सावळी माणसं सुधारली. त्यांची कांती उजळ करत बसण्यापेक्षा चकाकी नेमकी ठेवणं कामी येतं. नाकाचा शेंडा, खालचा ओठ, डोळ्याच्या पाण्याची रेघ इथे ती बारीक आणि तीक्ष्ण. कपाळ आणि गालावर पसरट आणि मंद.

५. सावलीत काळा ओतू नका

मल्टिप्लाय लेयरवर काळा फिरवला की चेहऱ्यावर काजळी बसते. सावली म्हणजे मुख्य उजेड न पोचणारी जागा. बाकीचे उजेड तिथे पोचतच असतात. उन्हातल्या माणसाच्या सावलीत वरून आकाशाचा निळा येतो, खालून तापलेल्या मातीचा तांबडा. हिरव्या शालूचा हिरवा हनुवटीखाली चढतो. हे रंग भरा, पण एक मर्यादा सांभाळा. सावलीतला सर्वांत उजळ ठिपका उजेडातल्या सर्वांत गडद जागेपेक्षा गडदच हवा. हा नियम मोडला की आकार मोडतो.

६. चार रंगांवर भागवून बघा

संगणक एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक रंग देतो, आणि तीच अडचण होते. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पॅलेटमध्ये चारच रंग आहेत: पिवळा ऑकर, सिंदुरी लाल, काळा आणि पांढरा. पडद्यावर त्या चारांचे ठोकळे करून ठेवावेत आणि फक्त त्यांच्याच मिश्रणातून एक चेहरा पुरा करावा. काळ्या-पांढऱ्याचा राखाडी ऑकरशेजारी निळसर दिसू लागतो. रंग शेजारावर ठरतो, हे पुस्तकी वाक्य तेव्हा डोळ्यांना पटतं. फोटोवरून कलर पिकरनं रंग उचलताना हे कधीच कळत नाही, कारण तिथे डोळ्यांना काम नसतं.

७. एअरब्रश आणि त्वचेची छिद्रं शेवटी

पहिले तीन-चार तास मी कडक काठाचा गोल ब्रश वापरते, दाबाप्रमाणे पारदर्शकता बदलणारा. दोन छटा एकमेकींवर घासून मधली छटा उचलायची आणि मधे लावायची. त्यातून पैलू टिकतात. एअरब्रश सगळंच मऊ करतो, आणि जिथे सगळंच मऊ, तिथे हाड कुठे आणि मांस कुठे हे कळत नाही.

छिद्रं आणि सुरकुत्या पूर्ण उजेडात फिक्या पडतात, गडद सावलीत बुडतात. त्या नीट दिसतात ते दोहोंच्या मधल्या छटेत. पोत तिथेच द्या आणि नाक-गालावर जास्त, पापण्यांवर जवळजवळ नाही, असा फरक ठेवा. झूम कमी करून चित्र अंगठ्याएवढं झालं की पोत नाहीसा व्हायला हवा, चेहरा नाही.

८. रेफरन्स तपासून घ्या

मोबाइलचा कॅमेरा ब्यूटी मोडमध्ये कातडी गुळगुळीत आणि गोरी करतो. तो बंद करून फोटो काढा. पडद्याचा नाइट मोडही बंद ठेवा, नाहीतर सगळे रंग पिवळे दिसतील. शिकवण्या बघा, पण त्यांतल्या बऱ्याचशा युरोपीय त्वचेवर बेतलेल्या असतात. त्यांतला उजेडाचा नियम घ्या, गुलाबी रंगाची पाककृती घेऊ नका.

शेवटी सांगणं एवढंच: घरातल्या कुणा थोरामोठ्याला सकाळी खिडकीशी बसवा, कलर पिकर बाजूला ठेवा आणि तासभर फक्त त्यांचा गाल आणि कान रंगवा. उजेड कुठून आला, किती आत गेला, कुठून परतला, हे तीन प्रश्न प्रत्येक फटकाऱ्याआधी विचारा. महागडा ब्रशसंच विकत घेण्याआधी हे करा. त्यानंतर त्याची गरज बहुधा उरणार नाही.