अ‍ॅनफिल्डला जातेस ना, मग ऐक

हे बघ, सगळ्यात आधी तिकिटाचा विषय मिटवू. तुझ्या घरात सध्या तेवढंच चाललंय ना! तुझे अहो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल घेऊन बसतात आणि कुठल्या तरी साइटवर 'शेवटच्या तीन सीट' दिसल्या की कार्ड बाहेर काढतात. त्यांना सांग, ताईनं कार्ड आत ठेवायला सांगितलंय. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय परस्पर विकणं हा 1994 पासून चक्क गुन्हा आहे. शिवाय लिव्हरपूल क्लबच्या अ‍ॅनफिल्डचं तिकीट हल्ली फोनमध्येच येतं, फोन मशिनला लावायचा आणि आत शिरायचं. मग स्टेडियमबाहेर कोपऱ्यात उभं राहून हळूच 'तिकीट हवंय का' विचारणाऱ्याच्या हातात काय असणार, तूच सांग. पैसे गेले की रडायचं कुणापाशी?

सरळ मार्गानं जायचं तर क्लबचं सभासदत्व घ्यायचं आणि सोडतीत नाव लागतंय का बघायचं. जागा 61 हजारांच्या आसपास, त्यातल्या पुष्कळ वर्षभराची तिकिटं घेतलेल्यांच्या, आणि उरलेल्यांवर जगभरातले सभासद टपलेले. नाहीतर क्लबकडूनच जेवणखाणासकट तिकीट घ्यायचं. ते मिळतं, पण माणशी शेकडो पौंड पडतात. तिघांचे रुपये करून बघ, मग बोलू.

आणि तारखेवर विसंबून काही बुक करू नकोस. वेळापत्रकात शनिवार दुपारी तीन असं छापलेलं असलं तरी टीव्हीवाल्यांच्या सोयीनं मॅच रविवारी जाते, कधी सोमवारी रात्री जाते. एक गंमत सांगू? शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इथे टीव्हीवर फुटबॉल थेट दाखवत नाहीत. लोकांनी घरी न बसता आपापल्या गावच्या मैदानावर जावं, म्हणून ही जुनी बंदी. म्हणजे तुझा लेक कोल्हापुरात सोफ्यावर लोळत जी मॅच बघतो, ती अ‍ॅनफिल्डच्या शेजारच्या गल्लीतल्या आजीला घरबसल्या बघता येत नाही. त्याला हे सांग, खूश होईल.

माझं मत विचारशील तर पहिल्या खेपेला लिव्हरपूलची मॅच नकोच. नाक मुरडू नकोस, ऐक तर. मॅचच्या दिवशी स्टेडियम त्यांचं असतं आणि तुम्ही तिघं गर्दीतून वाट काढत सीट नंबर शोधत फिरणार. ड्रेसिंग रूम त्या दिवशी बघायला मिळत नाही. त्यापेक्षा साध्या दिवशी टूर घ्या. ड्रेसिंग रूममध्ये जर्सी टांगलेल्या असतात, तिथून बोगद्यातून मैदानाच्या कडेला नेतात. बोगद्यात 'धिस इज अ‍ॅनफिल्ड' अशी पाटी आहे. तेव्हाच्या मॅनेजरनं, बिल शँक्लीनं, ती लावली पाहुण्या टीमला धडकी भरावी म्हणून. पुढे यर्गन क्लॉप मॅनेजर झाला तेव्हा त्यानं आपल्याच खेळाडूंना बजावलं होतं, काहीतरी जिंकल्याशिवाय त्या पाटीला हात लावायचा नाही. तुझा लेक अर्थातच उडी मारून हात लावणार. लावू दे, पाहुण्यांना सगळं माफ. गवतावर मात्र पाऊल टाकू देऊ नकोस, तिथले लोक बाकी सगळं हसून घेतात, तेवढं घेत नाहीत.

शाळेची सुट्टी धरून येणार असशील तर सीझन मेच्या उत्तरार्धात संपतो आणि ऑगस्टमध्ये सुरू होतो. मधल्या दिवसांत टूर असतात, पण कधी कधी जुनं गवत काढून नवं लावण्याचं काम चालू असतं. एवढ्या लांब येऊन पोराला मातीचं मैदान दाखवायचं नसेल तर एप्रिल किंवा मेची सुरुवात बघ.

टूरमध्ये सगळे जण सहा युरोपियन कपांपाशी गर्दी करतात. करा तुम्हीही. पण मला विचारशील तर तिथली बघण्याची गोष्ट म्हणजे कॉप. गोलपोस्टच्या मागचा तो एकच अवाढव्य स्टँड. हे नाव आलं दक्षिण आफ्रिकेतल्या एका टेकडीवरून, स्पिऑन कॉप. बोअर युद्धात, जानेवारी 1900 मध्ये, त्या टेकडीवर इंग्रजांची वाताहत झाली आणि मेलेल्यांत लँकाशायरच्या पलटणींतली पोरं पुष्कळ होती. 1906 साली इथे प्रेक्षकांना उभं राहायला मोठा उंचवटा रचला, तेव्हा इथल्या वर्तमानपत्राचे क्रीडा संपादक अर्नेस्ट एडवर्ड्स यांनी त्याला त्या टेकडीचं नाव सुचवलं. आता पोराला पुढचं सांग. त्याच युद्धात जखमींना स्ट्रेचरवरून मैलोन् मैल वाहून नेणारं भारतीयांचं एक पथक होतं, ते स्पिऑन कॉपलाही गेलं होतं, आणि त्यात तिशीतले मोहनदास गांधी होते. महात्मा व्हायला अजून बराच अवकाश होता. शाळेच्या पुस्तकातले गांधीजी आणि त्याच्या खोलीतल्या भिंतीवरचं लिव्हरपूलचं पोस्टर यांचा असा संबंध कुणी लावून दिला तर तो तोंड उघडं टाकून बघत राहील, लिहून घे.

एकेकाळी त्या कॉपवर पंचवीस-तीस हजार माणसं खेटून उभी राहायची. आता खुर्च्या आहेत आणि बारा हजारांच्या आसपास माणसं मावतात. खुर्च्या का आल्या, ते मात्र तिथे जाण्याआधी घरीच शांतपणे सांगून ठेव.

15 एप्रिल 1989. शेफील्डमधलं हिल्सबरो स्टेडियम, एफए कपची सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना ज्या जाळीबंद भागात सोडलं तिथे आधीच दाटी झाली होती, तरी मागून लोंढा येऊ दिला. चेंगरून माणसं गेली, सगळी मिळून 97. सत्त्याण्णवावा माणूस त्या दिवशीच्या जखमा अंगावर वागवत 2021 मध्ये गेला. सगळ्यात लहान मुलगा दहा वर्षांचा होता, पुढे लिव्हरपूलकडून खेळलेल्या स्टीव्हन जेरार्डच्या नात्यातला भाऊ. आणि एवढं होऊन पोलिसांनी दोष ढकलला प्रेक्षकांवर, म्हणे दारू पिऊन आले होते. आयाबायांनी, बापांनी सत्तावीस वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या, तेव्हा 2016 मध्ये ज्युरीनं सांगितलं की ही माणसं बेकायदा मारली गेली आणि प्रेक्षकांचा काही दोष नव्हता.

स्टेडियमबाहेर मेन स्टँडच्या बाजूला त्यांचं स्मारक आहे, सगळी नावं कोरलेली. तिथे लोक फुलं ठेवतात, मफलर बांधतात. तिथे सेल्फी नाही. बोटं दाखवून हसत फोटो तर अजिबात नाही. मी तिथे पर्यटकांना असं करताना बघितलंय आणि मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईचा चेहराही बघितलाय. कोण जाणे तिचं कोण त्या दगडावर होतं. पोराला म्हणावं, टोपी काढ, नावं वाच, वयाचं काही विचारायचं असेल तर नंतर बसमध्ये विचार.

याच्याशीच जोडून एक. प्रवासात चाळायला म्हणून स्टेशनवर 'द सन' विकत घेऊन लिव्हरपूलमध्ये हिंडू नकोस. त्या दुर्घटनेनंतर चार दिवसांनी या पेपरनं मेलेल्यांची आणि वाचलेल्यांची बदनामी करणारा खोटा मजकूर पहिल्या पानावर छापला. तेव्हापासून शहरानं त्याच्यावर बहिष्कार टाकलाय, आणि पस्तीस वर्षांत तो सैल झालेला नाही. कित्येक दुकानदार तो ठेवतच नाहीत. तुला कुणी मारणार नाही, पण मनातून उतरशील.

आता आजूबाजूचं. तुला वाटत असेल मोठं स्टेडियम म्हणजे हायवेलगत, भोवती पार्किंगचं वाळवंट. तसं नाही. आपल्या पेठेत तालीम कशी घरांच्या रांगेत बसलेली असते, तसं अ‍ॅनफिल्ड विटांच्या बुटक्या घरांच्या गल्ल्यांत बसलंय. गल्लीच्या टोकाला वळलीस की एकदम समोर. आणि पेठ म्हटली की भाऊबंदकी आलीच. हे मैदान मुळात एव्हर्टन क्लबचं, 1884 पासूनचं. जॉन हूल्डिंग नावाचा दारूच्या भट्ट्यांचा मालक होता, भाड्यावरून त्याचं आणि क्लबचं फाटलं. 1892 मध्ये एव्हर्टन उठून स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कला गेलं. हूल्डिंगकडे राहिलं रिकामं मैदान, म्हणून त्यानं नवा क्लबच काढला, तो लिव्हरपूल! मधली बाग चालत ओलांडायला वीसेक मिनिटं लागतात. नक्की ओलांडा. एव्हर्टनचा पुरुषांचा संघ 2025 मध्ये नदीकाठच्या गोदीतल्या नव्या स्टेडियमला गेला आणि गुडिसन आता त्यांच्या बायकांच्या संघाचं घर झालंय, हे मला भारी आवडलं.

घरांच्या भिंतींवर खेळाडूंची मोठमोठी चित्रं रंगवलेली आहेत, त्यांचे फोटो काढ. फक्त ध्यानात ठेव, त्या भिंतीमागे कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे. पायऱ्यांवर बसून वडापावसारखं काही खात कागद टाकून येऊ नका. या गल्ल्यांनी स्टेडियमपायी सोसलंय. मेन स्टँड मोठा करायचा म्हणून वर्षानुवर्षं घरं विकत घेतली जात होती, ती बंद, फळ्या ठोकलेल्या अवस्थेत पडून होती, मग पाडली. 2016 मध्ये नवा स्टँड दिमाखात उभा राहिला. टूरमध्ये हे कुणी सांगेलच असं नाही. स्टेडियमसमोरच होमबेक्ड नावाची बेकरी आहे, जुनी बंद पडलेली बेकरी वस्तीतल्या लोकांनी सहकारी तत्त्वावर पुन्हा चालू केली. पैसे तिथे खर्च कर. तिथला 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ, घेताना शाकाहारी आहे ना, तेवढं विचारून घे. आणि शहरात कुठे 'ब्लाइंड स्काउस' लिहिलेलं दिसलं तर बिनधास्त मागव. स्काउस म्हणजे मटणाचा रस्सा-बटाटा, ब्लाइंड म्हणजे त्यातून मटण वगळलेलं. तिखट पूड पर्समध्ये असू दे, दोन्हीला लागते.

एवढं सांगूनही पोराला मॅच हवीच असेल ना? मग प्रेंटन पार्कला ने. मर्सी नदीच्या खालून बोगद्यातून लोकल जाते, 1886 पासूनची, पलीकडे बर्कनहेड. तिथला ट्रॅनमिअर रोव्हर्स हा खालच्या विभागात खेळणारा जुना क्लब. तिकीट सहज मिळतं, परवडतं, आणि खेळाडूचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळून मॅच दिसते. बाबा आपल्याला शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार बघायला न्यायचे आणि शेजारचे काका लाइनमनचा उद्धार करायचे, आठवतंय? तेच वातावरण, फक्त थंडी जास्त. तिथल्या एका स्टँडलाही कॉपच म्हणतात, त्यामुळे गावभर सांगताना पोराला खोटंही बोलावं लागणार नाही.

आणि समजा नशीब फळफळलं, सोडतीत अ‍ॅनफिल्डच मिळालं, तर कॉपवरची सीट घेऊ नकोस. तिथे लोक नव्वद मिनिटं उभे असतात, बारा वर्षांच्या पोराला समोरच्याच्या पाठीशिवाय काही दिसणार नाही. मेन स्टँड बरा. पाहुण्या टीमची जर्सी तर चुकूनही नको, घरच्या प्रेक्षकांत ती दिसली तर बाहेर काढतात. अर्ध्या एका टीमचा आणि अर्ध्या दुसऱ्या टीमचा असा मफलर रस्त्यावर विकायला असतो, तो इथल्या जुन्या लोकांना बघवत नाही. घेऊ नकोस. अहोंना बिअर हवी असेल तर आत जिन्याखालीच पिऊन घ्यायची, मैदान दिसेल अशा जागी ग्लास नेता येत नाही, 1985 चा कायदा आहे. मॅचआधी सगळं स्टेडियम उभं राहून क्लबचं गाणं म्हणतं. मूळ 1945 च्या एका अमेरिकन संगीत नाटकातलं, 1963 मध्ये इथल्याच गेरी अँड द पेसमेकर्सनी गाजवलं. तेवढी दोन-तीन मिनिटं फोन खिशात ठेवा तिघंही. यूट्यूबवर ढिगानं व्हिडिओ आहेत.

मोठी बॅग माझ्याकडेच ठेवून जा, गेटवर घेत नाहीत. लाइम स्ट्रीट स्टेशनपासून स्टेडियम तीनेक किलोमीटर, जवळच्या क्वीन स्क्वेअरवरून 17 नंबरची बस. मॅच सुटल्यावर मात्र बसच्या रांगेत पोराला ताटकळत ठेवू नकोस, गर्दीबरोबर गप्पा मारत उतारानं शहराकडे चालत सुटा. लिव्हरपूलची माणसं बोलकी, कुठून आलात विचारतील. कोल्हापूर सांग. मँचेस्टरला बहिणीकडे उतरलोय, हे सांगायची गरज नाही.

आणि परत येताना त्याची नवी कोरी लाल जर्सी जॅकेटच्या आत, चेन गळ्यापर्यंत लावून. आमच्या शेजारचे आजोबा कट्टर युनायटेडवाले आहेत, आणि मी घरी नसले की माझी पार्सलं तेच घेऊन ठेवतात.