सईच्या रायफलीचा पहिला दिवस

चि. सई हिस,


एरी सरोवराकाठच्या कॅम्प पेरीहून तू आणलेल्या एम-१ गॅरँडचे फोटो मिळाले. मॅन्युअलही मिळालं, ते वाचून काढलं. तुझ्या आईनं, म्हणजे आमच्या अक्कानं, फोटो बघून मला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "तू लिही तिला. माझं ती ऐकायची नाही." म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर तुकडे तुकडे करून सांगण्यातली ही गोष्ट नव्हे.

शनिवारी रेंजवर जाऊन रायफल टेस्ट करणार, असं तू लिहितेस आणि सोबत आठ-आठ राउंडांच्या क्लिपा भरून टेबलावर मांडल्याचा फोटो. माझी पहिली हरकत त्या फोटोलाच आहे. बाजारातून बैल आणला की कुणी त्याच दिवशी शर्यतीला जुंपत नाही; दात बघतात, खूर बघतात, मोकळा चालवून बघतात. पहिल्या दिवशी या रायफलीकडून दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या. ती धोक्याची नाही ना, आणि ती दर वेळी तेच करते ना. गोळी कागदावर कुठं लागते, हे त्याच्या नंतरचं. तुझा जीव त्या तिसऱ्या गोष्टीत अडकलाय हे मला इथून दिसतंय.

ही जुनी बाई आहे, तिचा मान ठेव. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात जॉन गॅरँड यांनी ती घडवली, १९३६ साली अमेरिकी लष्करानं घेतली, आणि पुढं अशा जवळपास ५४ लाख रायफली तयार झाल्या. महायुद्धात समोरच्या जर्मन आणि जपानी शिपायाच्या हाती बहुतेक बोल्ट ओढायची रायफल होती, तेव्हा अमेरिकी शिपायाच्या हाती ही होती. आपल्या फौजेला १९६२ चं युद्ध थ्री-नॉट-थ्रीवरच लढावं लागलं. इशापूरची एसएलआर त्यानंतर आली. मी भरती झालो ते एसएलआरवर आणि निवृत्त होताना हातात इन्सास होती. गॅरँड मी कधी चालवलेली नाही. पण एसएलआरही गॅसवर चालणारी, एका दाबाला एक गोळी देणारी. त्यामुळं तुझ्या रायफलीचा स्वभाव मला परका नाही.

तो स्वभाव नीट समजून घे. गोळी नळीच्या तोंडाशी पोचली की तिथल्या बारीक भोकातून थोडा गॅस खाली उतरतो आणि ऑपरेटिंग रॉडला मागं ढकलतो. बोल्ट फिरून उघडतो, पुंगळी बाहेर उडते, हॅमर ताणला जातो. मग स्प्रिंग रॉडला पुढं रेटते आणि नवं काडतूस चेंबरमध्ये बसतं. खांद्याला धक्का कळतो न कळतो, तेवढ्यात हे सगळं उरकलेलं असतं. म्हणजे बार झाला आणि तू "लागली का?" म्हणून मान वर केलीस, त्या क्षणी तुझ्या हातात भरलेली आणि ताणलेली रायफल असते. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्याच्या रायफलीत प्रत्येक गोळी हातानं भरावी लागते. ती रायफलच नेमबाजाला दर गोळीनंतर थांबवते. तुझी थांबवणार नाही. ते काम तुझं.

आता काडतुसांचं. .३०-०६ असं डबीवर लिहिलंय म्हणून कुठलंही घेऊन चालत नाही. ही रायफल लष्कराच्या एम-२ बॉल काडतुसाला धरून बनवलेली आहे, गोळी साधारण १५० ग्रेनची. हल्लीची शिकारीची जड काडतुसं सावकाश जळणाऱ्या दारूची असतात; गोळी तोंडाशी येईपर्यंत गॅसचा दाब जास्त उरतो आणि तो धक्का ऑपरेटिंग रॉडला बसून रॉड वाकू शकतो. खास गॅरँडसाठी म्हणून विकतात तीच घे. कुणी महायुद्धाच्या काळातली स्वस्तात देऊ केली तर नको म्हण. त्यांतल्या बहुतेकांच्या टोप्यांतून, म्हणजे प्रायमरमधून, बार झाल्यावर क्षार मागं राहतो, तो ओल धरतो आणि नळी गंजते. आणि कुणी घरी भरलेली काडतुसं प्रेमानं दिली, तर ती पहिल्या दिवशी तरी अजिबात नकोत. रायफलही अनोळखी आणि काडतूसही अनोळखी असलं, तर बिघाड कुणाचा हे कळायचं कसं?

शनिवारच्या आधी घरी बसून करायचं काम जास्त आहे. खोलीत एकही खरं काडतूस नसताना कर. आधी नळीतून उजेड बघ. स्प्रिंग काढून नुसता रॉड आणि बोल्ट जागेवर बसव आणि रायफल तिरकी कर. रॉड आपल्या वजनानं मोकळा सरकला पाहिजे. कुठं अडला तर घासतोय कुठं ते शोध. सरकणाऱ्या, घासणाऱ्या जागी ग्रीस लाव, पातळ तेल तिथं टिकत नाही. मग हॅमर ताण, सेफ लाव, ट्रिगर दाब: काही होता कामा नये. सेफ काढ, दाब: हॅमर पडला पाहिजे. आता ट्रिगर दाबलेलाच ठेवून रॉड मागं ओढून सोड, आणि मग ट्रिगर हळूहळू सोड. हॅमर ताणलेलाच राहिला पाहिजे आणि पुन्हा दाबल्यावरच पडला पाहिजे. एका दाबाला एकच गोळी सुटणार की नाही, हे इथं कळतं. इथं शंका आली तर रेंजवर जाऊच नकोस, सरळ गनस्मिथकडं जा. जाशील तेव्हा हेडस्पेसही, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांतलं अंतर, गेजनं बघून घे. आधी तपासलेला असला तरी बघून घे.

सेफची एक खोड लक्षात ठेव. ते ट्रिगर गार्डच्या पुढं आहे, आणि पुढं ढकलून काढताना तुझं बोट गार्डच्या आत, ट्रिगरच्या शेजारी जातं. म्हणून नळी समोरच्या बांधाकडं असल्याशिवाय आणि गोळी सोडायची हे ठरल्याशिवाय सेफला हात लावायचा नाही.

आणि तुझा अंगठा. बोल्ट मागं अडकलेला असतो, तू आत काडतुसं वर ढकलणारा फॉलोअर दाबतेस, बोल्ट सुटतो आणि अंगठा चेंबरच्या तोंडाशी सापडतो. अमेरिकी शिपायांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नखं यात काळी झाली. क्लिप दाबताना होतं तसं, रिकामी रायफल बंद करताना त्याहून जास्त होतं, कारण तेव्हा माणूस गाफील असतो. उजव्या तळहाताची कड रॉडच्या हँडलला मागं टेकवून ठेवायची, अंगठ्यानं दाबायचं, अंगठा बाहेर काढायचा आणि मग हात सोडायचा. खोट्या काडतुसांची क्लिप घेऊन हे घरी इतकं कर, की बघावं लागू नये. अर्धी उरलेली क्लिप बाहेर काढणंही तेव्हाच शिकून घे: रॉड मागं धरून डाव्या बाजूची खिटी दाबायची. "सीझ फायर"ची हाळी झाल्यावर रायफल रिकामी कशी करायची हे शेजाऱ्याला विचारायची पाळी येऊ नये.

रेंजवर गेल्यावर तिथल्या रेंज ऑफिसरला सांग, रायफल माझ्यासाठी नवी आहे, आज तपासणी आहे. यात लाज कसली? शहाणा ऑफिसर तुला कडेची जागा देईल आणि लक्ष ठेवील. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. या रायफलीचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. एकदा गेलेला कान परत येत नाही, आमच्या बॅचची निम्मी माणसं आज टीव्ही केवढ्यानं लावतात ते येऊन ऐक. चष्मा तर हवाच, शेवटच्या गोळीनंतर क्लिप टणकन वर उडते.

पहिल्या क्लिपमध्ये दोनच राउंड. तुमच्याकडच्या गॅरँडच्या स्पर्धेत रॅपिडला आधी दोनची आणि मग आठची क्लिप लावतातच, तेव्हा दोनची कशी भरायची हे कुणीही दाखवील. दोनच का? समजा आत काही बिघडलं असलं आणि एका दाबाला दुसरीही गोळी सुटली, तर तिसरी सुटायला नाही. आणि दोन असल्या म्हणजे पहिलीनंतर यंत्रानं दुसरी भरली का, हेही कळतं. एकटं काडतूस चेंबरमध्ये टाकून वरून बोल्ट आपटू द्यायचा नाही. या रायफलीची फायरिंग पिन आत मोकळी असते. टोपी मऊ असली तर बोल्ट बंद होतानाच बार होऊ शकतो. क्लिपमधून वर येणारं काडतूस बोल्टला थोडं अडवतं, वेग कमी करतं.

पहिली गोळी झाली, दुसरी झाली, क्लिप उडाली. आता कागदाकडं बघू नकोस. रायफल खाली ठेव, बोल्ट उघडा, चेंबर फ्लॅग आत. आणि ऑफिसरनं परवानगी दिली की त्या दोन पुंगळ्या शोध. उजवीकडं, थोड्या पुढं पडल्या असतील. गार झाल्यावर बोटांत धरून उजेडाकडं फिरव. बुडापासून थोडं वर चकाकणारी कडी दिसते का? ती कडी म्हणजे पितळ तिथं ताणलं गेलंय, तिथंच ते तुटतं. टोपीवर पिनची खूण मधोमध आहे का? टोपी सपाट होऊन कडेला पसरली आहे का, की भोक पडलंय? कुठं चीर? यांतलं काही दिसलं तर त्या दिवसाचं काम संपलं. मी चाळीस मैल गाडी चालवून आले हे कारण रायफलीला सांगायचं नाही.

ट्रिगर दाबला आणि बार झालाच नाही, तर नळी समोरच ठेवून निदान अर्धं मिनिट गप्प बस, मग बोल्ट उघड. बार झाला पण आवाज फुसका आला, तर पुढची गोळी नाही. रायफल रिकामी करून नळी आरपार दिसते का ते बघ. गोळी आतच अडकलेली असू शकते.

सगळं ठीक दिसलं की मग नेमाचं. पुढचा दस्ता वाळूच्या पिशवीवर टेकव, नळी टेकवू नकोस. मागची साइट तळापासून साधारण ८ ते १० क्लिक वर घे आणि १०० यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या, सावकाश, एकाच जागी नेम धरून. पहिली डावीकडं गेली म्हणून लगेच नॉब फिरवायचा मोह होईल. फिरवू नकोस. एका गोळीवरून काही कळत नाही. पाचही गोळ्या एकत्र कुठं पडतात ते बघायचं, त्यांचा मध्य काढायचा आणि मग तो मध्य हलवायचा. एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच, हिशेब सोपा आहे. तीन-चार इंचांत पाच आल्या तर या वयाच्या लष्करी रायफलीवर मी खूश असेन. मग थोडं थांब, नळीला गार होऊ दे, आणि पुन्हा पाच.

पसरल्या तर आधी स्वतःकडं बघ. फौजेत आम्ही रंगरुटांकडून तीनच गोष्टी घोकून घ्यायचो: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, ट्रिगर कंट्रोल. शिस्त म्हणजे नेम: नजर माशीवर, म्हणजे पुढच्या साइटवर. माशी रेखीव, कागदावरचा काळा गोल धूसर. नवा माणूस उलटं करतो. आणि ट्रिगरचा दोष पकडायचा असेल तर सोबतच्याला तुझ्या नकळत क्लिपमध्ये एखादं खोटं काडतूस मिसळायला सांग. त्यावर हॅमर पडला की नुसती टक होते आणि तुझ्या नळीचं तोंड मात्र दोन बोटं खाली झुकलेलं दिसतं. ते तूच खाली ढकललेलं असतं, धक्क्याच्या भीतीनं. सुभेदारांच्याही नळ्या अशा झुकताना मी पाहिल्या आहेत.

घरी आल्यावर आधी साबणानं हात धू, शिसं असतं, मग जेव. या रायफलीत नळी साफ करायचा रॉड मागून घालता येत नाही, तोंडाकडून घालावा लागतो, आणि तो घासून घासून तोंड झिजतं. त्यापेक्षा पुलथ्रू आणि चिंदी बरी. कपाटाला कुलूप, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली तुझ्याजवळ. आपल्याकडं असली रायफल साध्या माणसाच्या हाती येणं जवळजवळ अशक्यच; तुमच्याकडं ती मिळते, म्हणून हे जास्त सांगतोय. तुमच्याकडच्या बातम्या इथंही येतात, आणि अक्का त्या वाचते. कपाटाचा फोटो तिला पाठव, रायफलीचा पुरे झाला.

मला कागदाचा पाठव. गोळ्यांना क्रमांक घातलेले, शेजारी तारीख, काडतुसाचा लॉट, साइटचे क्लिक आणि वारा. चांगला आलेला निवडून नको, पहिला पाठव.

तुझा,
मामा

ता. क. गळ्यापर्यंत बटणं असलेला शर्ट घाल आणि डोक्यावर टोपी. शेजारच्याची गरम पुंगळी गळ्यात गेली की माणूस नाचतो, आणि नाचताना हातातली रायफल कुठं फिरते याकडं त्याचं लक्ष नसतं.