गुळगुळीत फरशी, म्हातारे पाय

घरात पडून मार लागलेले वृद्ध मुकुंदवाडीतील माझ्या दवाखान्यात आले, की मी एक प्रश्न हमखास विचारतो, "घरात फरशी कोणती?" आपल्याकडे पाणी साठवण्याची सवय. पिंपाभोवती सदा ओल आणि खाली चकचकीत टाईल्स. या वयात खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो.

जुनी फरशी फोडली तर धुळीने दमेकऱ्याचे हाल होतात. त्यापेक्षा तिच्यावरच व्हिनाईल बसवणे मला पटते. पण गिऱ्हाईक दुकानात सागवानी नक्षी बघत बसते! नमुन्याचा तुकडा घरी आणा, त्यावर पाणी शिंपडा आणि अनवाणी उभे राहून पाहा. पाय सरकला तर तो परत करा.

व्हिनाईलचा गुंडाळीचा पन्ना स्वस्त आणि जोड कमी, म्हणून पाणी आत मुरत नाही. मात्र त्याला मऊपणा यावा म्हणून थॅलेट नावाची रसायने वापरलेली असू शकतात. युरोपीय संघाने 2020 पासून अशा चार रसायनांवर घरगुती वस्तूंत कडक मर्यादा घातली आहे. रांगते मूल फरशीवरची धूळ तोंडात घालते, तेव्हा थॅलेटविरहित माल आहे का, हे दुकानदाराला विचाराच. चिकटवायच्या पट्ट्यांच्या डिंकाला उग्र वास असतो. काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात, दमेकऱ्याला दुसरीकडे झोपवावे.

एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्यांना डिंक लागत नाही. त्यांतील एसपीसी चुनखडीच्या भुकटीमुळे टणक असते. डब्ल्यूपीसीचा गाभा फेसाळ, पायाला मऊ. गुडघेदुखीवाल्यांना मी हीच सुचवतो, मात्र जड कपाटाखाली ती दबते.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. जमिनीतून ओल येत असेल तर व्हिनाईलखाली ती कोंडते, बुरशी धरते आणि घरात कुबट वास व शिंका सुरू होतात. पावसाळ्यात फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी फरशीला चिकटवून एक दिवस-रात्र ठेवा. खाली पाण्याचे थेंब दिसले तर आधी ओलीचा बंदोबस्त करा, नंतरच फरशीचे बघा.

न्हाणीघरात मात्र यांपैकी काहीच नको. तिथे बिनपॉलिशची खडबडीत शहाबादीच बरी, आणि भिंतीला हाताशी एक मजबूत दांडा.