औषध तेच, मग करपा का हटत नाही?

"गेल्या साली याच औषधानं डाग थांबला, औंदा दुप्पट मारलं तरी फरक नाही," असं कुणी म्हटलं की आपण लगेच भेसळीचा संशय घेतो. कधी तो खराही असतो. पण पुष्कळदा दोष डब्यात नसून रोगाच्या बीजात असतो.

आयर्लंडातील बटाट्याचे पाहा. मेटॅलॅक्झिल हे आंतरप्रवाही औषध १९७७ च्या सुमारास बाजारात आले. उशिराच्या करप्यावर ते इतके लागू पडले की शेतकरी नुसते तेच फवारू लागले. १९८० साली ते तेथे फोल ठरले. रोगबीजांत थोडी मूळचीच चिवट असतात. बाकीची मेली, ही उरली, आणि त्यांचीच पैदास झाली. दुप्पट मात्रेने खर्च तेवढा दुप्पट होतो.

हे औषध रोगाच्या एकाच क्रियेवर घाव घालते. मँकोझेब किंवा मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण अनेक ठिकाणी घालते. बोर्डो १८८५ पासून चालू आहे, अजून बोथट झालेले नाही. मात्र ते पानात शिरत नाही. रोग दिसण्याआधीच मारावे लागते, आणि तिथेच आपला आळस नडतो.

द्राक्षावरचा केवडा याच जातकुळीतला. बागाईतदारांनी मेटॅलॅक्झिल मँकोझेबच्या मिश्रणातच, हंगामात मोजक्या वेळा वापरावे. आणि कंपनी बदलली म्हणजे औषध बदलले असे नव्हे! डब्यावरचे बारीक अक्षरांतले मूळ नाव वाचा. येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या.