आधी 'एन', मग एंटर

प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्रीची गोष्ट. रिपोर्टचं फोल्डर माझ्या लॅपटॉपवर होतं आणि त्याचीच प्रत लॅबच्या लिनक्स मशीनवर. दुपारी 'निष्कर्ष' हे प्रकरण मी लॅबमध्येच बसून टाईप केलं होतं. रात्री हॉस्टेलवर आल्यावर दोन्हीकडचं सारखं करावं म्हणून लॅपटॉपवरून आरसिंक चालवलं आणि शहाणपणा करून 'डिलीट' ऑप्शनही लावला. क्षणात काम झालं, आणि निष्कर्षही गेला! लॅपटॉपवर ती फाईल नव्हती, म्हणून लॅबमधलीही उडाली. सकाळपर्यंत जागून पुन्हा टाईप केलं.

मित्रहो, चूक आरसिंकची नव्हती. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आणलेला हा प्रोग्रॅम नेटवर्कवरून फाईलचा फक्त बदललेला भाग पाठवतो, म्हणून तो झटपट चालतो. पण 'खात्री आहे का?' असं तो विचारत नाही. जे सांगायचं ते कमांड देतानाच ऑप्शनमधून सांगायचं.

कमांडचा क्रम सोपा आहे: प्रोग्रॅमचं नाव, ऑप्शन, मग 'कुठून' आणि शेवटी 'कुठे'. नेहमी लागणारे ऑप्शन असे:

१. हायफन ए : आतल्या फोल्डरांसकट सगळं जातं, फाईलींच्या तारखा आणि परवानग्या तशाच राहतात.

२. हायफन व्ही : काय चाललंय ते स्क्रीनवर दिसतं.

३. हायफन कॅपिटल पी : किती टक्के गेलं ते कळतं. मध्येच नेट गेलं तर अर्धवट आलेली फाईल टाकून दिली जात नाही.

४. दोन हायफन आणि डिलीट : 'कुठून'मध्ये नसलेल्या फाईली 'कुठे'मधून काढून टाकतो. त्या ट्रॅशमध्ये जात नाहीत.

५. हायफन स्मॉल एन : नुसती रंगीत तालीम. एकही फाईल हलत नाही. सोबत व्ही लावला, तर काय जाणार आणि काय उडणार त्याची यादी मिळते.

आणखी एक खाच स्लॅशची. 'कुठून'च्या शेवटी स्लॅश दिला तर फोल्डरमधला फक्त माल जातो. नाही दिला तर फोल्डरच जातं. समजा, 'रिपोर्ट'पुढे स्लॅश देऊन, डिलीट लावून ते थेट 'डॉक्युमेंट्स'वर पाठवलं, तर डॉक्युमेंट्समधलं बाकीचं सगळं साफ!

म्हणून आता माझा नियम ठरला आहे. डिलीट असेल तर पहिल्यांदा एन. यादीत 'डिलीटिंग' असं लिहिलेली प्रत्येक ओळ वाचायची. पटली तरच बाण दाबून तीच कमांड वर आणायची, एन काढायचा आणि एंटर मारायचा. त्या रात्री मी ही यादी पाहिली असती, तर 'निष्कर्ष'चं नाव मला तिथंच दिसलं असतं.